दाखला देणारा हयात पाहिजे

सत्य शेवटी प्रकट होतेच. कुंभकोणच्या कालव्यांच्या कचेरीत त्यासाठी मद्रासेहून दोनशे छापील कागद आले होते. पैकी चाळीस वाळवीने खाल्ले.

गुत्तेदारांचे चांगल्या कामाचे दाखले लग्नातल्या दागिन्यांसारखे या घरून त्या घरी फिरतात, हे वरिष्ठांच्या उशिरा ध्यानात आले होते. कुणा साहेबाने एका माणसाला दिलेला एक दाखला पापनाशमपासून आडुतुरैपर्यंत सात जणांनी लावला होता आणि त्यांतले दोघे दाखल्याच्या तारखेला जन्मलेलेच नव्हते. म्हणून नवा नियम निघाला. दाखला ज्याने दिला त्याला कचेरीने पत्र टाकायचे, त्याने स्वहस्ते कबुली द्यायची. तीन आठवड्यांत कबुली आली नाही तर दाखला रद्द.

शुक्रवारी सकाळी तीन आठवडे पुरे झाले. रामलिंगराव गुत्तेदार कारकुनाच्या मेजासमोर उभे होते. बाहेर करंजाच्या सावलीत त्यांचे अकरा गवंडी बसले होते. कालव्यावरच्या नव्या मोरीचे काम मिळाले तर राहू, नाही तर आजच्या गाडीने नागपट्टणला आणि तिथून बोटीने पिनांगला, असे त्यांनी सांगून ठेवले होते. वीस वर्षे रामलिंगरावांनी त्यांना हाताशी धरून शिकवले होते. ते गेले की रामलिंगरावांपाशी गुत्तेदारीपैकी फक्त पागोटे उरणार होते.

"तुमच्या दाखल्याबद्दल हॅलमसाहेबांस टाकलेलं पत्र परत आलं," कारकून सेतुराम म्हणाला. दोघेही मराठी घरचे. तिसरा कोणी नसेल तर कचेरीतही ते मराठीतच बोलत.

"परत येईल नाही तर काय. साहेब वारलेत म्हणोन मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हांस."

"सांगितलंत. पण टाकणं भाग होतं."

"कुठल्या पत्त्यावर टाकलंत?"

"दाखल्यावर आहे त्याच. पापनाशम, मुक्काम तंबू."

रामलिंगरावांनी कपाळ पुसले. "महामारीने गेले ते. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या मोरीची कमान बसली, दाखला लिहून दिला आणि तिसऱ्या दिवशी गेले. थडगं मीच बांधलं त्यांचं. नाव कोरलंय, सन कोरलाय. तुमच्या साहेबास नेऊन दाखवा की."

"थडग्यावरून ते मेले हे शाबीत होतं. दाखला त्यांनीच दिला हे होत नाही." सेतुराम थांबला. "आणि थडग्याच्या कामाचा दाखला आहे काय तुमच्यापाशी?"

"तो कोणी द्यायचा?"

सेतुरामने यावर विचार केला. खरोखरच केला.

"मोरी उभी आहे, राव," रामलिंगराव म्हणाले. "सोळा पूर गेले तिच्यातून. स्टेशनात उतरलं की पायी जाण्यासारखी आहे. कोणी जाऊन पाहील तर दोन तासांचं काम."

"मोरी पाहण्याचा रकाना नाही या कागदात."

तेवढ्यात गुरुमूर्ती आत आला. हाही गुत्तेदार, त्याच कामासाठी अर्ज केलेला. दोघांनी मराठी आवरली आणि तमिळ सुरू केली. गुरुमूर्तीच्या दाखल्याचे उत्तर उलट टपाली आले होते. त्याचे साहेब पेन्शन घेऊन उटकमंडला राहत होते आणि त्यांना पत्र लिहायला भरपूर वेळ होता. सेतुरामने ते मोठ्याने वाचले.

"सही माझीच. या माणसाकडून मी एक पूल दोनदा बांधून घेतला. तिसऱ्यांदा दुसऱ्या माणसाकडून घेतला."

'सही माझीच' या शब्दांखाली त्याने लाल शाईची रेघ ओढली.

"आणि पुढचं?" रामलिंगरावांनी विचारले.

"ते साहेबांचं खासगी मत."

काम गुरुमूर्तीला मिळाले. तो मुळीच फुशारला नाही. उलट रामलिंगरावांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, मला गवंडीकाम कळत नाही, हे तुम्हांला माहीत आहे. त्या साहेबालाही माहीत आहे. आडी महिन्यात नदीला पाणी यायच्या आत मोरी झाली पाहिजे. माणसं तुमची, काम तुम्ही करा. नाव तेवढं माझं."

"आणि मला काय?"

"मी दाखला देतो ना तुम्हांला. मी जिवंत आहे. कचेरीने पत्र टाकलं की त्याच दिवशी उत्तर देईन."

रामलिंगरावांनी मेजाकडे पाहिले. हॅलमसाहेबांच्या दाखल्यावर सेतुराम रद्दचा शिक्का मारत होता. पहिला शिक्का पुसट उठला, म्हणून त्याने दुसरा मारला.

"बरं," रामलिंगराव म्हणाले.

ते माणसांना सांगायला दाराकडे वळले, तर हे सारे ऐकलेल्या सेतुरामने थांबवले. हाताखालच्या गुत्तेदाराचीही आता ओळख पटवावी लागे. त्याचा कागद वेगळा होता. बापाचे नाव, गाव, अंगावरची खूण. खूण म्हणून रामलिंगरावांनी डाव्या हाताचे चिरडलेले बोट दाखवले. ते कशाने चिरडले, असे सेतुरामने विचारले. चिऱ्याखाली, असे रामलिंगरावांनी सांगितले. हे खरे आहे असे कोण सांगतो, या ओळीसमोर गुरुमूर्तीने सही केली. मग वाळू टाकून शाई सुकवण्यात आली.

रामलिंगराव बाहेर आले तेव्हा गाडी सुटून पाव तास झाला होता.

नागपट्टणच्या धक्क्यावर बोटीच्या दलालाने त्या अकरा जणांपैकी कोणाकडेही कागद मागितला नाही. त्याने त्यांचे तळहात उलटेसुलटे करून पाहिले आणि सगळ्यांना घेतले.