कपाचा कान

“कपाचा कान फिरला,” बाबा फोनवर म्हणाले. हॅलो नाही, कशी आहेस नाही. “सासरा कप ठेवतो तेव्हा कान खिडकीकडे. सून बोलते, आपण पुन्हा सासऱ्याकडे बघतो, तर कान भिंतीकडे! कप काय आपणहून वळला?”

मालिकेची शेवटची नावं अजून पडद्यावरून सरकत होती. त्यांत तिचंही नाव होतं, अगदी तळाला. ते बाबांना आजवर कधी दिसलं नव्हतं. कपाचा कान तेवढा दिसला.

“बघते, बाबा.”

“बघायचं ते आधी,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

सेटवर तिला सगळे कंटिन्यूइटी ताई म्हणत. काम सांगायला सोपं, करायला जिवावरचं. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी चित्रित व्हायचा, अर्धा आज तर अर्धा परवा, आणि दोन्हीकडे केसांचा भांग, शर्टाचं बटण, खुर्ची, कप सगळं जागच्या जागी आहे की नाही हे तिनं पाहायचं. मोबाइलमध्ये फोटोंचा नुसता ढीग. काम चोख झालं तर कुणाला पत्ताही लागत नाही. चुकलं की बाबांना लागतो.

बाबांचा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला होता. दुसऱ्यांच्या चुकांवर घर चाललं, तर घरात तरी वेगळं काय होणार? शाळेतला तिचा निबंध लाल गोलांनी भरून परत यायचा. एकदा पहिलं बक्षीस मिळवून आली, तर त्यांनी प्रमाणपत्रावरची चूक काढून दाखवली. एक मात्र कबूल करायला हवं. बरोबर शब्दाभोवती त्यांनी उभ्या जन्मात कधी गोल केला नव्हता. छापखान्याचा मालक म्हणायचा, “यांनी खूण केलीय ना? मग कोश उघडू नका, चूक आहेच.”

आई होती तोवर फोन आईचा असायचा. बाबा मागून ओरडायचे, “मी बरा आहे म्हणून सांग.” आई गेली. आता फोन बाबांचा, तोही मालिका संपल्या संपल्या, चुकीपुरता.

त्या दिवशी तिचं डोकंच फिरलं. बस्स झालं! एकदा, आयुष्यात फक्त एकदा, या माणसाच्या तोंडून ‘आज चूक नाही’ एवढं ऐकायचं.

दुसऱ्या दिवशी सेटवर पोचल्या पोचल्या तिनं टेबलावरचा कप उचलला. फुलदाणी उचलली. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. खिडकीतलं ऊन सरकायला नको म्हणून पडदा ओढला.

सासऱ्याचं काम करणारा नट वैतागला. “अहो ताई, कप नाही तर मी हातांचं करू काय?”

“मांडीवर ठेवा.”

“हे घर आहे की दवाखाना?” दिग्दर्शक म्हणाला. ती बधली नाही. प्रत्येक तुकडा झाला की फोटो, पुढचा सुरू व्हायच्या आधी पुन्हा फोटो. सुनेच्या कपाळावरची बट तिनं स्वतः नखानं जागेवर बसवली. संध्याकाळपर्यंत सेटवरचं एकही माणूस तिच्याशी धड बोलत नव्हतं. खड्ड्यात गेले सगळे.

तो भाग लागला त्या संध्याकाळी ती टीव्हीसमोर उभीच राहिली. डोळ्यांत तेल घालून पाहिला. टेबल तळहातासारखं मोकळं. नट बिचारा मांडीवर हात ठेवून परीक्षेला बसल्यासारखा दिसत होता, पण चूक म्हणाल तर नाव नाही. नावं सरकली. फोन वाजला नाही.

“काढा म्हणावं आता!” ती एकटीच मोठ्यानं बोलली. फोन शेजारी ठेवून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. पुढची मालिका सुरू झाली, अर्धी झाली. तिचा आनंद हळूहळू आंबायला लागला. चूक असली की तोंड लगेच उघडतं. नसली की साधं ‘बरं झालंय’ म्हणायला जीभ झडते का? टॉवेलची घडी तिनं उशीवर आपटली.

आणि फोन वाजला.

“जेवलीस का?” बाबांनी विचारलं.

ती गडबडलीच. हा प्रश्न आईचा होता.

“जेवेन आता. भाग पाहिलात ना?”

“पाहिला. मोबाइलवर परत लावता येतो ना, तिथंही पाहिला. थांबवून थांबवून.”

“मग?”

बाबांचा एरवीचा करडा आवाज कुठल्या कुठे गेला आणि ते चाचरत म्हणाले, “तो कप... कपाचा कान पुन्हा फिरला बघ.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप? तिनं फोन कानापासून ओढून फोटो उघडले. सबंध भागात कप नव्हताच! टेबल मोकळं, या फोटोत मोकळं, त्या फोटोत मोकळं. लहानपणापासून जे वाक्य तिनं मनात घोळवलं होतं ते आता जिभेवर आलं. बाबा, चूक तुमची आहे.

पण बरोबर शब्दाभोवती बाबा गोल करत नाहीत. कधीच नाही.

तिनं फोन परत कानाला लावला. पलीकडे ते अजून होते. चूक सांगून झाली तरी त्यांनी फोन ठेवला नव्हता.

तिनं मांडीवरचे कपडे बाजूला सारले.

“हो बाबा, फिरला खरा. माझंच लक्ष नव्हतं,” ती म्हणाली. “आणखी काय काय दिसलं? सावकाश सांगा.”