भागरथेचा वॉर्ड

अल्लीपुरातली अर्धीअधिक पोरं भागरथेच्या हातात जन्मली होती. पाटलांची सून अडली तरी बोलावणं तिलाच यायचं. सुटका झाली, की ती अंगणात खाली बसून वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायची, आणि तिची पाठ फिरताच घरभर गोमूत्र शिंपडलं जायचं.

सत्तावन साली सुईणपण सोडून ती वर्ध्याला नर्सिंग शिकायला आली. वॉर्ड निवडायच्या दिवशी मोठ्या नर्सबाई हसून म्हणाल्या, "तुला काय विचारायचं? बाळंतिणींचाच लिहिते."

"नाई बाई. मले तापाचा वॉर्ड द्या."

"अगं, बारा वर्षांचा हात आहे तुझा! तापाचा कशाला?"



"तापाच्या रोग्याले घडीघडी पाणी लागते, बाई. अन् ते नर्सच्याच हातचं प्या लागते."