नदीच्या वाटेची केबल

"खांब नकोत," गोरक्षनाथ म्हणाला. "केबल न्यायची तर जमिनीखालून न्या."

रोहिणीने नकाशावरून मान वर केली. गावात फायबर आणण्याचं काम तिच्याकडे होतं. "खांबांवरून लवकर होतं. खर्चही कमी."

"वादळात पडत्यात खांब."

खरं कारण वेगळं होतं. खांब उभा राहिला की त्यावर कॅमेरा बसायला किती वेळ? नदीतली वाळू चोरून वर आणायची वाट गोरक्षनाथच्याच रानातून जात होती. मागच्या उन्हाळ्यात महसूलच्या पथकाने त्याचा एक ट्रॅक्टर नेला होता. पुन्हा सापडलात तर तुरुंग, असं वकिलाने बजावलं होतं.

"मग तुमच्या रानातून, नदीच्या वाटेलगत खोदावं लागेल," रोहिणी म्हणाली. "चालेल?"

ती वाट कुणी बघायला नको होती. पण पुरलेल्या केबलला काय दिसणार?

"चालंल की."

तरी त्याने वाळू बंद ठेवली. बाई कर्जतहून येई, मजुरांजवळ उभी राही, कमी बोले. एवढं कमी बोलणारं माणूस त्याला पटत नव्हतं. त्याने आईला, गोजरबाईला, चहा देऊन पाठवलं; रोहिणीच्या पिशवीत काय आहे ते बघून ये म्हणाला.

गोजरबाई परत आली. "डबा हाय. मेथीची भाजी, तीबी अळणी. अजून काय पायजे हुतं तुला, तोफ?"

"फोटो काढती का ती?"

"तूच इचार. तोंड हाय न्हवं तुला?"

त्याने विचारलं. रोहिणीने मोबाईल सरळ त्याच्या हातात दिला. केबलचे जोड, खड्डे, एक करडू. बाकी काही नाही.

"रागवू नका, मॅडम."

"तुमची जमीन आहे. विचारायलाच हवं."

नदीच्या वाटेवर मात्र तिने केबल पाइपात घालू दिली नाही. चर भरताना माती थराथराने धुम्मसाने ठोकून घेतली.

"लई लाड चाललेत केबलचे," गोरक्षनाथ म्हणाला.

"माती घट्ट धरून बसली पाहिजे. सैल राहिली तर उपयोग नाही."

शेवटी चाचणी होती. रोहिणी ग्रामपंचायतीच्या खोलीत यंत्रासमोर बसणार होती आणि वाटेवरच्या प्रत्येक खुणेपाशी कुणीतरी जमिनीवर घण मारायचा होता. तिची माणसं नदीपर्यंत जाणार, वाळूच्या चाकोऱ्या बघणार, हे गोरक्षनाथला नको होतं.

"द्या इकडं. म्या मारतो."

फोन कानाला लावून तो खुणेखुणेने खाली उतरत गेला.

"आणखी एकदा, दादा. हं, आता पुढची खूण."

"जमीन खचती का बघताय व्हय?"

"कुठली खूण केबलवर कुठे येते, ते जुळवतेय."

नदीच्या काठावरची शेवटची खूणही त्यानेच ठोकली. अंग घामाने भिजलं, पण वाटेवर दुसरं कुणी फिरकलं नाही.

फायबर सुरू झालं. गोजरबाईने पुण्याच्या नातीला, दिशाला, पडद्यावर पाहिलं आणि जेवत नाहीस म्हणून रागावली. गोरक्षनाथ हसला. उगाच धास्तावलो, असं त्याला वाटलं. रोहिणीचं सामान गाडीत भरलं गेलं. निघताना गोजरबाईने तिला शेंगदाण्याच्या चटणीचा पुडा दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने फाट्यावर माणूस बसवला. गाडी नाही, ड्रोन नाही, आसपास कुणी नाही. दोन ट्रॅक्टर नदीत उतरले, भरले आणि दिवे न लावता वर निघाले. पुढच्या ट्रॅक्टरवर गोरक्षनाथ स्वतः होता.

त्याच वेळी कर्जतच्या एका सरकारी खोलीत रोहिणीसमोरच्या पडद्यावर दोन तिरप्या रेषा नदीकडून गावाकडे सरकत होत्या. पुरलेल्या केबलला दिसत नव्हतं, पण जमिनीचा प्रत्येक हादरा कळत होता. रिकामे ट्रॅक्टर खाली जाताना रेषा पुसट होत्या. आता ठळक झाल्या होत्या. तिने महसूलच्या पथकाला फोन लावला.

"साहेब, भरून निघालेत. वळणावर गाठा."