ऊन आणि गोळी

ज्ञानूच्या कार्डाला दिलावरभाईंनी उत्तर दिलं नव्हतं. वेल्ह्याकडच्या ज्ञानूला ऐकू येत नाही, म्हणून या दोघा जुन्या सोबत्यांचं सगळं बोलणं टपालानं चालतं. उन्हाळ्यात कार्ड आलं होतं. ‘डाक्टर म्हनला, अंगात डी विटामिन कमी हाय, आन् ते कमी असलं की साखर वाढती. जलमभर उन्हात राबलो, तरी ऊन कमी पडलं बग. आता रोज उन्हात बसतो. मग साखरेच्या गोळ्या सोडू का? तू वाचतोस, तू सांग.’

दिलावरभाईंची हयात भोरच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेली. ते वाचायला बसले. एका लेखात दोन्हींचा संबंध आहे म्हटलेलं. दुसऱ्यात, संबंध दिसतो, पण एकामुळे दुसरं होतं असं ठामपणे सांगता येत नाही. कार्ड लिहावं आणि फाडावं. आपण काय डॉक्टर? चुकीचं लिहिलं गेलं तर?

आज ज्ञानूचा मुलगा गोरख दारात आला.

“चाचा, आबा दवाखान्यात व्हते. साखर पार चढली. शुद्ध न्हवती.”

दिलावरभाईंच्या बायकोनं, बद्रुन्निसानं, त्याच्यापुढं पाणी ठेवलं. “गोळ्या घेत नव्हते का?”

“सोडल्या की. म्हनले, माजा एक काना चुकला तरी दिलावर उलट टपाली कळवतो. गप हाय म्हंजे बरुबर हाय.”

दिलावरभाईंनी चष्मा काढला. तो पुसायचंही त्यांना सुचेना.

“काल घरी आणलं,” गोरख म्हणाला, “पर अजून गोळीला हात लावीनात. डाक्टरचं ऐकत न्हाईत, माजं तर न्हाईच. तुमीच लिवा.”

“लिहितो. तूच घेऊन जा.”

“मी नेलं तर म्हनतील, तूच बसून लिवून घेतलंस. टपालानंच येऊ द्या.”

दिलावरभाईंनी कार्ड पुढ्यात ओढलं. ‘अभ्यासकांच्या मते’ इथपर्यंत आले आणि थांबले. बद्रुन्निसा मागून वाचत होती.

“त्यांनी तुमच्याकडं पुस्तक मागितलंय का?”

त्यांनी दुसरं कार्ड घेतलं. मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘ज्ञानू, ऊन खा, ते चांगलंच आहे. पण नुसत्या उन्हानं साखर जात नाही. गोळ्या बहुधा सोडू नयेत.’

गोरखनं त्यांना गाडीवरून पोस्टापर्यंत नेलं. पेटीपाशी उभं राहून दिलावरभाईंनी कार्ड पुन्हा वाचलं. हात पेटीच्या तोंडाशी गेला आणि मागं आला.

“काय राहिलं, चाचा?”

“पेन दे.”

कार्ड तळहातावर धरून त्यांनी ‘बहुधा’वर काट मारली. शाई वाळू दिली. मग कार्ड पेटीत सोडलं.