आईची उंची

“उडी झकास आहे पोरीची. पण पुढे किती वाढेल, ते आईबापांवरून कळतं. वडील नाही आले? मग ताई, तुम्हीच भिंतीला टेकून उभ्या राहा,” व्हॉलीबॉलचे सर टेप सोडवत म्हणाले.

निवड झाली की शाल्मली थेट पुण्याच्या वसतिगृहात जाणार होती. नऊ वर्षांची आहे, अजून माझ्या कुशीत शिरल्याशिवाय तिला झोप येत नाही. मी साडीच्या आत हळूच गुडघे वाकवले.

“पाच फूटच. नाही जमायचं,” म्हणत सरांनी यादीतलं तिचं नाव खोडलं.

परतताना मी खाली मान घालून चालत होते. काही वेळाने शाल्मलीनेच माझा हात धरला.

“आई, वाईट नको ना वाटून घेऊस. तू बुटकी आहेस, त्यात तुझी काय चूक?”