जांभळी मूठ

टेनेसीतल्या त्या बंदुकीच्या दुकानात व्हर्लीनला पर्समध्ये मावेल असं रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं. तिला बत्तीस बोअरचं पसंत पडलं. एक तर तिच्या बोटांचे सांधे आखडलेले आणि त्याचा धक्का हलका, शिवाय त्याची मूठ छान जांभळी होती. नवरा हार्लन मात्र तिथेच सुरू झाला.

"अगं, बत्तीसच्या गोळीला खारसुद्धा भीक घालणार नाही. घ्यायचंच तर माझ्यासारखं जबर गोळीचं मॅग्नम घे."

"तुझं ते एवढंसं, आणि धक्का गाढवाच्या लाथेसारखा. परवा सरावाला पाच गोळ्या झाडल्यास आणि घरी येऊन मनगटावर बर्फ धरून कोण बसलं होतं?"

"ते गवत कापून दुखत होतं," हार्लन म्हणाला. दुकानदाराने हसू लपवायला पाठ फिरवली, आणि व्हर्लीनने जांभळंच घेतलं.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर नेहमीच्या हॉटेलात तळलेल्या माशांवर ताव मारत हार्लन मित्रांना शहाणपण शिकवत होता. "कमरेला मॅग्नम नाही तो माणूस निःशस्त्रच समजा," असं म्हणत तो सॉसच्या बाटलीसाठी टेबलावर वाकला आणि त्याचं जाकीट मागून वर सरकलं.

आज आपली पर्स एवढी हलकी का लागतेय, ते व्हर्लीनला तेव्हा कळलं. ती हळूच त्याच्या कानाशी लागली.



"जाकीट खाली ओढ. जांभळं दिसतंय."