बॉनेटवरचं कुंकू

त्या माणसाच्या खांद्यावर उपरणं होतं, कपाळाला गंध होतं. म्हणून नव्या गाडीच्या मालकाने किल्ली बिनधास्त त्याच्या हातात दिली. पूजा झाली की चाकांखालच्या लिंबांवरून गाडी पुढे न्यायची असते. "गुरुजींनी पाठवलंय, मी नेतो. तुम्ही तोवर दर्शन घ्या," तो म्हणाला. घरचे देवळाकडे वळलेसुद्धा.

शाळा सोडल्यापासून मी याच देवळाबाहेर मावशीबरोबर लिंबं विकते. मी त्याचे पाय बघितले. पायात बूट. देवळातला कुठलाच माणूस बूट घालून गाडीच्या पूजेला येत नाही.

"ओ, बूट घालून कसली पूजा करताय?" मी ओरडले. त्याने दार ओढून घेतलं आणि गाडी चालू केली. माझं डोकंच सटकलं. मी धावत जाऊन बॉनेटवर अंग टाकलं.

"रेश्मे, मरशील गं," मावशी मागून म्हणाली.

माझ्या ओरडण्याने घरचे मागे फिरले. ते पळत येताना दिसले तसा तो दार उघडून उतरला आणि देवळाच्या आवाराच्या भिंतीवरून उडी मारून पसार झाला.

मालक धापा टाकत आला, तो आधी बॉनेट चाचपायला लागला. "पोचा पाडलास की गं. आजच आणलीय गाडी."

"मग जाऊ द्यायची होती. पोचा न पडता गेली असती."

मालकाची बायको हसली. तिने ताटातलं कुंकू बोटावर घेतलं, आधी माझ्या कपाळाला लावलं, मग पोच्याला.